नांगसा गाते तेव्हा

नांगसा ओबुम पहिल्यांदा गाते, तेव्हा तिच्या मागे पडदा नसतो, पायपेटीचा आधार नसतो, सारंगीची साथ नसते. वर पांढऱ्या कापडाचा, निळ्या नक्षीचा मांडव, खाली मोकळे अंगण, कडेला एक ढोल आणि झांजांची एक जोडी. एवढ्याच सामग्रीवर एका मुलीचा कंठ अकस्मात उंच चढतो, चढलेल्या जागी थरथरतो, गळ्यातल्या गळ्यात मोडतो, पुन्हा जुळतो, आणि ओळ संपत आली की अंगणात गोल उभे असलेले बाकीचे नट तिचा स्वर अलगद उचलून धरतात. ढोल आणि झांजा यावेळी गप्प असतात. संगीत नाटकावर वाढलेले आपले कान पद सुरू होण्याआधी पेटीवरच्या सुराची वाट पाहतात. इथे तो सूर येत नाही, आणि ती वाट पाहण्याची सवय सुटायला थोडा वेळ लागतो. ती सुटली की मग कळते, या गायिकेने सूर कुणाकडून उसना घेतलेला नाही. तो तिचा तिनेच हवेत उभा केला आहे.

हे नाट्य म्हणजे तिबेटी लोकांचे आचे ल्हामो. मी ते पाहिले धरमशालेत, मॅक्लिओडगंजच्या वरच्या अंगाला असलेल्या तिबेटन इन्स्टिट्यूट ऑफ परफॉर्मिंग आर्ट्सच्या आवारात, शोतोनच्या उत्सवात. तिथे सगळे जण या संस्थेला नुसते ‘टिपा’ म्हणतात. १९५९च्या मार्चमध्ये ल्हासा सुटले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कालिंपोंगला या संस्थेची पहिली जुळवाजुळव झाली, हा तपशील मला फार बोलका वाटतो. अंगावरच्या कपड्यांनिशी हिमालय ओलांडून आलेल्या माणसांनी पाच महिन्यांच्या आत नाटक मंडळी उभी करावी, यात त्या समाजाला नाटक किती लागते, ते आले.

आचे ल्हामोच्या पारंपरिक आख्यानांची संख्या साधारण आठ धरतात. त्यांतली काही जातककथांवरून आली आहेत. सगळे दान करून टाकणाऱ्या द्रिमे कुंदेन या राजपुत्राची कथा पाहताना मराठी माणसाने कान टवकारावेत, कारण हाच राजपुत्र विश्वंतर या नावाने अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात भिंतीवर आपली वाट पाहत उभा आहे. पण नांगसाची कथा जातकातली नाही. ती तिबेटच्याच मातीतली, त्सांग प्रांतातल्या ग्यांत्सेजवळच्या एका गावातली. राजपुत्र नाही, बोधिसत्त्वाचा पूर्वजन्म नाही. एक मुलगी, तिचे सासर, तिचे मरण, मरणातून तिचे परत येणे आणि शेवटी तिचे साधक होणे. संतचरित्र म्हणावे तर पहिला अर्धा भाग सासुरवासाचा, आणि सासुरवासाची कहाणी म्हणावी तर शेवटी नायिका आकाशातून उडते.

पण नांगसापर्यंत पोहोचायला पुष्कळ वेळ लागतो, आणि तो वेळ वाया गेला असे समजणाऱ्याने या नाट्याच्या वाटेला जाऊ नये. सकाळी ढोल वाजतो आणि प्रथम अंगणात येतात ते ङोन्पा, म्हणजे शिकारी. त्यांचे मुखवटे एकदा जवळून पाहावेत. निळा, जवळजवळ सपाट मुखवटा, चेहऱ्याचे उठाव नसलेला, कडेला जरीचा साज आणि हनुवटीखाली पांढऱ्याशुभ्र केसांची दाढी. मुखवटा म्हटला की आपल्या मनात रागावलेला किंवा हसणारा चेहरा येतो. इथे कोणताच भाव कोरलेला नाही. चेहऱ्याने काही सांगायचेच नाही असे ठरल्यामुळे सांगण्याचा सगळा भार कमरेखाली उतरतो. कमरेला दोरीच्या जाळीचा घोळदार साज असतो, त्याला गोंडे लावलेले. नट गिरकी घेऊ लागला की हा साज हळूहळू उचलला जातो, पसरतो, आणि मग अंग जमिनीला तिरके करून तो अंगणाभोवती उड्या घेत सुटतो तेव्हा त्या गोंड्यांचे एक वर्तुळ त्याच्याभोवती आडवे तरंगत राहते. एका शिकाऱ्याचे वर्तुळ, मग दुसऱ्याचे, मग सगळ्यांचे. आणि ही सगळी लहान वर्तुळे मिळून अंगणाचे मोठे वर्तुळ फिरू लागते. ते ही भूमी शुद्ध करीत असतात. इथे आता गोष्ट उतरणार आहे, तेव्हा जागा आधी झाडून-शिंपडून घ्यायला हवी.

शिकाऱ्यांमागून उंच टोप्या घातलेले वडीलधारे ग्यालू येतात, आशीर्वाद देतात. देवकन्या येतात, त्यांच्या मस्तकावर पाच पाकळ्यांचा मुकुट आणि कानांपाशी पंख्यासारखी फुले. गोष्टीचा अजून पत्ता नसतो. ज्याने कोकणात किंवा गोव्यात रात्र जागवून दशावतार पाहिला आहे, त्याला हे सगळे ओळखीचे वाटेल. तिथेही आधी आडदशावतार होतो, गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, संकासुर धुमाकूळ घालतो, आणि मग कुठे आख्यानाला तोंड फुटते. पूर्वरंग ही कल्पना नाट्यशास्त्राने सांगितली खरी; पण ती शास्त्राने शिकवावी लागते असे मुळीच नाही. जिथे लोक अंगणात बसून देवाधर्माची गोष्ट पाहतात तिथे ती आपसूक उगवते.

मांडवाच्या मध्यभागी एक प्रतिमा ठेवलेली असते: पांढरी दाढी, पांढरे केस. हा थांगतोंग ग्याल्पो, पंधराव्या शतकातला सिद्ध आणि पूल बांधणारा. त्याने तिबेटात आणि भूतानात नद्यांवर लोखंडी साखळ्यांचे पूल टाकले. आख्यायिका अशी की, पुलाच्या कामावर सात बहिणी होत्या, गळ्याच्या गोड आणि अंगाच्या लवचीक. त्याने त्यांना गाणे-नाचणे शिकवले, गावोगाव फिरवले आणि जमलेल्या पैशांतून लोखंड घेतले. इतिहासाच्या कसोटीला ही गोष्ट कितपत उतरते ते संशोधक पाहोत. मला मात्र नाट्यकलेच्या कुळकथांमध्ये ही सर्वांत लोभस वाटते. आपल्याकडे भरतमुनींना नाट्यवेद ब्रह्मदेवाकडून मिळाला. तिबेटी नाटकाला जन्म मिळाला तो पुलाचा खर्च भागवण्यासाठी. सॅन फ्रान्सिस्कोतल्या तिबेटी कलावंतांनी १९८९ साली मंडळी काढली तेव्हा तिचे नाव ठेवले ‘चाकसाम्पा’, लोखंडी पुलावरूनच.

आणि मग निवेदक पुढे येतो. त्याच्याकडे नीट लक्ष द्यावे, कारण या नाट्याची सगळी मौज त्याच्यापासून सुरू होते. तो अभिनय करीत नाही, आवाज चढवत-उतरवत नाही. पोथीतला मजकूर तो एका दमात, सपाट स्वरात, इतक्या वेगाने म्हणून टाकतो की तिबेटी समजणाऱ्यांचीही धांदल उडावी. अमुक गावी अमुक आईबापांच्या पोटी मुलगी जन्मली, ती वयात आली, एका मठाच्या यात्रेत रिनांगच्या सरदाराने तिला पाहिले, आपल्या मुलाला म्हणजे दाक्पा सामद्रुपला ही सून हवी म्हणून तिच्या डोक्यावर पिरोजा आणि पंचरंगी फितींचा बाण ठेवून मागणी पक्की केली, मुलीचे मन धर्माकडे होते पण तिला कोण विचारतो, लग्न झाले, मुलगा झाला, त्याचे नाव ल्हाऊ दारपो. सात-आठ वर्षांचा संसार निवेदकाच्या चार श्वासांत संपतो. आणि तो बाजूला होतो न होतो तोच नांगसा पुढे येऊन एकच भावना गाऊ लागते, आणि तेवढ्या एका भावनेला ती घटकाभर वेळ घेते.

आपण इथे थोडे थांबू या, कारण मला या प्रयोगात सर्वांत मोलाचे जे वाटले ते इथेच आहे. कथा धावते आणि गाणे थांबते. पुढे काय झाले हे सांगायची निवेदकाला जितकी घाई, तितकीच जे झाले ते सोसायला नांगसाला सवड. घटना क्षुल्लक आणि तिचा मनावर पडलेला ठसा अफाट, हे जीवनातले प्रमाण आपल्याला वास्तववादी नाटकात क्वचितच दिसते, कारण तिथे घटनेला जितका वेळ तितकाच तिच्या दुःखाला. इथे लग्नाला एक वाक्य आणि लग्नातल्या एकटेपणाला एक दीर्घ आलाप. प्रेक्षकांना कथा पाठ असते. कुणीही ‘मग काय झाले?’ म्हणून आलेला नसतो. त्यामुळे कथेला धावू द्यायला कुणाची हरकत नसते, आणि स्वराला थांबू द्यायला तर सगळे आलेलेच असतात. माझ्या शेजारच्या आजीबाई निवेदकाच्या वेळी थर्मासातून चहा ओतून घेत, खाऊची पुडी सोडत, पलीकडच्या बाईशी बोलत; आणि गाणे सुरू झाले की पेला गुडघ्यावर तसाच राही.

या गायकीला नामथर म्हणतात. ती पहिल्या ऐकण्यात गोड वाटेलच असे नाही, आणि रसिकाने तसे मान्य करण्यात कमीपणा मानू नये. आवाज वरच्या पट्टीत, मोकळ्या मैदानात लांबवर पोहोचेल असा फेकलेला; स्वरावरून स्वरावर जाताना मींड नाही, त्याऐवजी कंठात एक झटका, एक मुरड, जणू स्वराने वाटेत ठेच खाल्ली आणि तोल सावरला. आपल्या ख्यालगायकीने घडवलेल्या कानाला ही ठेच पहिल्यांदा खुपते. दुसऱ्या-तिसऱ्या पदानंतर आपण तिची वाट पाहू लागतो. कारण हळूहळू कळते की दुःख तिथेच आहे. शब्द काहीही सांगोत, गळा जिथे अडखळतो तिथे ती मुलगी खरे बोलते. आणि ओळीच्या शेवटी बाकीच्यांनी सूर उचलायचा, ही रीत तर फारच अर्थपूर्ण: तिला छळणारी माणसे ज्या नटांनी रंगवायची तेच नट अंगणाच्या वर्तुळात उभे राहून तिच्या गाण्याला आधार देतात.

आता येतो तो सुगीचा प्रसंग, आणि मला विचाराल तर सगळ्या आख्यानाचा प्राण इथे आहे. सातूची कापणी चालू आहे. नांगसा गड्यांबरोबर शेतात आहे. तिच्यावर देखरेख ठेवायला आनी न्येमो, सासरच्या घरातली कर्ती बाई. कुणी तिला नणंद म्हणतात, कुणी आत्तेसासू. घराच्या किल्ल्या तिच्याकडे. मी पाहिलेल्या प्रयोगात हा किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला होता आणि त्या नटीने त्याचा असा काही उपयोग केला की पाहत राहावे. ती चालली की जुडगा वाजे; ती बोलता बोलता त्यावर हात ठेवी; नांगसा काही म्हणू लागली की ती नुसता जुडगा हलवून तिला गप्प करी. प्रेक्षक खदखदून हसत होते. हे पात्र विनोदीच आहे: ठसक्यात चालणारे, नाक मुरडणारे, स्वतःच्या मोठेपणावर लुब्ध. दोन फिरते योगी भिक्षा मागत येतात. नांगसा म्हणते, द्यायचा अधिकार माझा नाही, तिकडे विचारा. आनी त्यांना हिडीसफिडीस करते आणि टोमणा मारते की, ती बसली आहे ना मोरासारखी नटून, तिच्याकडेच मागा. मग नांगसा सातू देते. एवढेच. घरच्या शेतातले ओंजळभर धान्य घरच्या सुनेने दारी आलेल्याला दिले.

आनी तिला मारते, केस ओढते, आणि वर नवऱ्याकडे जाऊन उलटी कागाळी करते. हसणारे प्रेक्षक अजून पुरते हसायचे थांबलेले नसतात. जुडगा वाजतो, पण आता तो खिदळणारा वाटत नाही. विनोदी पात्राला क्रूर होताना पाहण्यात जी एक विशिष्ट लाज असते (आपण इतका वेळ याच माणसाला हसत होतो!) ती अंगणभर पसरते. घरातला जुलूम बहुतेक वेळा असाच असतो. तो खलनायकाच्या वेशात येत नाही, नाक मुरडत, टोमणे मारत, चारचौघांना हसवत येतो. नवरा ऐकून घेतो, विचारपूस करीत नाही, मारतो. नांगसा पुन्हा गाते, आणि शेजारच्या आजीबाई पदराने, म्हणजे कमरेच्या पट्टेदार पांगदेनच्या टोकाने, डोळे टिपतात. ही कथा त्यांनी लहानपणापासून ऐकली असणार.

मराठी मन इथे एका घरापाशी हटकून थांबते. देवगावात १६२८ साली जन्मलेल्या, तीन वर्षांच्या असताना तिशीतल्या गंगाधर पाठकांशी लग्न झालेल्या बहिणाबाई. तुकोबांना त्यांनी गुरू मानले, आणि त्यापायी नवऱ्याचा मार खाल्ला. हे त्यांनी स्वतःच आपल्या अभंगांत नोंदवून ठेवले आहे. दोघींमध्ये देशाचे, भाषेचे, धर्माचे अंतर आहे, आणि ते पुसून टाकण्याचे कारण नाही. पण साम्य नुसते मारहाणीपुरते नाही. दोघींच्याही परमार्थाच्या वाटेवर एक मुलगा उभा आहे: बहिणाबाई अखेरच्या दिवसांत आपल्या मुलाला पूर्वजन्मांच्या कथा सांगतात, नांगसा मुलासाठी मेल्यावरही परत येते. आणि आणखी एक धागा. अश्वघोषाच्या नावावर असलेली ‘वज्रसूची’ बहिणाबाईंनी मराठी अभंगांत आणली. बौद्ध चरित्र रंगभूमीवर आणणारा जो पहिला नाटककार आपल्याला ठाऊक आहे तो हाच अश्वघोष. मध्य आशियात सापडलेल्या ताडपत्रांच्या तुकड्यांतून हाइनरिख ल्यूडर्स यांनी १९११ साली त्याचे ‘शारिपुत्रप्रकरण’ ओळखून काढले. शारिपुत्र आणि मौद्गल्यायन बुद्धाचे शिष्य कसे झाले ते सांगणारे नऊ अंकी नाटक. संस्कृत नाटकांचे जे सर्वांत जुने अवशेष हाती आहेत त्यांत हे आहे. म्हणजे भिक्षूचे आयुष्य रंगमंचावर मांडण्याची हौस धरमशालेत उपजलेली नाही, ती आपल्या नाट्यपरंपरेच्या उगमापाशीच आहे.

पुढची कथा थोडक्यात सांगतो, कारण निवेदकानेही ती थोडक्यातच सांगितली. तिबेटी योगी मिलारेपाच्या परंपरेतला लामा शाक्य ग्याल्त्सेन याची माया नांगसाच्या खिडकीखाली येते: माकडाचा खेळ करणारा एक भिकारी. ती त्याला दागिने देते. या वेळी मारायला सासरा येतो, आणि मूल तिच्यापासून तोडले जाते. त्या रात्री ती मरते. कशाने मेली, असे कुणी विचारीत नाही.

मरणानंतर यमाचा दरबार. तिबेटी यमाचा मुखवटा भयंकर आहे, सोबतचे दूतही. ङोन्पांच्या निर्विकार निळ्या मुखवट्यांनंतर हे वटारलेले डोळे पाहिले की सकाळचा तो संयम किती जाणून-बुजून पाळलेला होता ते ध्यानात येते. यमाच्या हाती कर्माचा आरसा. आपल्याकडे चित्रगुप्ताची वही असते, तिथे दुसऱ्याने लिहिलेले वाचले जाते. आरशात मात्र ज्याचे त्यालाच दिसते. नांगसाच्या वाट्याला पांढऱ्या खड्यांची रास येते आणि तिला परत पाठवले जाते. मृत्यूनंतर परत येऊन पलीकडचे वर्तमान सांगणाऱ्यांना तिबेटी लोक देलोग म्हणतात, आणि नांगसा ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. टेकडीवर ठेवलेला देह उठून बसतो तेव्हा राखणदार भुताच्या भीतीने पळत सुटतात, आणि अंगणात पुन्हा हशा पिकतो. पुन्हा जिवंत होण्याच्या महान क्षणी या लोकांना प्रथम पळणारी भित्री माणसे आठवतात, हा मला आचे ल्हामोचा सर्वांत निरोगी गुण वाटतो. जुन्या काळी ल्हासाच्या नोर्बुलिंका बागेत, दलाई लामांच्या आणि सगळ्या सरकारी मंडळींच्या देखत या नाटकांतले विदूषक दैवज्ञांची आणि अधिकाऱ्यांची टर उडवीत. ज्या मंडळ्या तिथे खेळ करीत त्यांच्यासाठी तो खेळ म्हणजे सरकारला भरायचा करच होता. नाटक करून कर फेडायचा, आणि त्याच नाटकात कर घेणाऱ्याला चिमटे काढायचे.

सासरचे लोक पश्चात्तापाने रडतात, मुलगा गाऊन विनवतो, ती घरी परतते. इथेच कथा संपवता आली असती. सासरला अद्दल घडली, सून सुखी झाली. आख्यानकाराला तो शेवट नको आहे. पश्चात्ताप विरतो, घर पुन्हा घर होते. नांगसा माहेरी येते आणि मागावर बसते.

सुगीच्या प्रसंगाखालोखाल मला भावते ते हे मागाचे गाणे. अंगणात माग आणून ठेवलेला असतो तो प्रतीकापुरताच. ती मागाचे एकेक अंग घेते, बसायची जागा, ताणा, बाणा, धोटा, फणी. आणि प्रत्येकाला साधनेची एकेक गोष्ट लावीत जाते. आपल्याकडे जात्याच्या दोन तळ्यांवर, सूप-चाळणीवर, चरख्यावर असे रूपकाचे कापड कितीदा विणले गेले आहे, त्यामुळे मराठी ऐकणाऱ्याला ही रीत परकी नाही. पण इथे त्या रूपकाला एक करुण किनार आहे. नांगसा ‘मागच ध्यान आहे’ असे म्हणत नाही. हा माग माझी ध्यानाची कुटी असता तर किती बरे झाले असते, अशी तिची इच्छा आहे. हात धाग्यावर आहेत, मन दूरच्या मठात आहे, आणि दोहोंमधले अंतर प्रत्येक धोट्यागणिक मोजले जाते. घरकामाचे उदात्तीकरण करून बाईला तिथेच गुंतवून ठेवण्याची युक्ती जगातल्या बहुतेक वाङ्मयांनी केली आहे; हे गाणे ती युक्ती करीत नाही. शेवटी आईही तिला घराबाहेर काढते. स्वर या वेळी सकाळच्याइतका उंच नव्हता. किंवा उंची तीच असेल, पण त्यातली ठेच आता क्वचितच येत होती. नांगसाचा आवाज सावरला आहे, हे कुणी सांगितले नाही. ते ऐकू आले.

नंतरचा चमत्कार मला तितकासा भिडत नाही, हे कबूल करायला हवे. ती लामाकडे जाते, रिनांगची फौज मठावर चालून येते, लामा सिद्धी दाखवतो, नांगसा आकाशात उडते, सगळे शस्त्रे टाकून शरण येतात. प्रयोगात हे सगळे वेगाने, ढोलाच्या गजरात उरकते, आणि ते योग्यच. हिला उडण्याची काय मातब्बरी! तिने जे उल्लंघायचे ते उंबरठ्यापाशी कधीच उल्लंघले आहे. फौजेपुढचे उड्डाण हा फक्त त्याचा जाहीर सोहळा.

नांगसाचे काम पूर्वीच्या तिबेटात बहुतेक मंडळ्यांत पुरुष करीत. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला याचे नवल वाटू नये. आज निर्वासित मंडळ्यांत ते मुली करतात, आणि किल्ल्यांचा तो जुडगाही एका बाईच्याच हाती असतो. बाईने बाईवर उगारलेला हात जेव्हा दोन बायका रंगवतात तेव्हा त्या प्रसंगाची धार बदलते. ती बोथट झाली असे मला वाटले नाही.

युरोपात ही कथा झाक बाको यांनी १९२१ साली फ्रेंचमध्ये नेली, पुढे १९८४मध्ये त्सुल्ट्रिम अॅलिओन यांच्या इंग्रजी पुस्तकातही ती आली. २००९ साली युनेस्कोने तिबेटी नाट्याला अमूर्त वारशाच्या यादीत घातले. वारशाच्या यादीत गेलेल्या कलेबद्दल मला नेहमी धाकधूक वाटते, पण त्या दिवशी शेवटच्या मंगलगीताच्या वेळी प्रेक्षक उठून अंगणात घुसले, नटांच्या गळ्यांत मानाची पांढरी उपरणी, म्हणजे खाता, पडली, सातूच्या पिठाच्या मुठी हवेत उडाल्या आणि आनी न्येमोच्या केसांवरही पीठ पडले. तेव्हा धाकधूक करण्याचे माझे काम तिथे कुणाला नको होते.

महाराष्ट्रातही तिबेटी लोकांची वसाहत आहे, गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावजवळची नोर्ग्येलिंग, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. तिथल्या माणसांशी ओळख करून घ्या. नांगसा त्यांच्या घरात सगळ्यांना माहीत असते. आणि शोतोनला जायचे जमले, तो धरमशालेत बहुधा वसंतात असतो, तर कथा आधी वाचून जा, बसायला सतरंजी न्या, ङोन्पा चुकवू नका, आणि दुपारच्या उन्हाला कंटाळून उठू नका. मागाचे गाणे त्यानंतरच येते.